राणीचे बारा डोळे

मनवेलपाडा, विरार पूर्व
१६ जून

चोरटी म्हणालास. स्वतःच्या आईला. तेही अनुष्काच्या मोबाईलमध्ये आवाज भरून पाठवलास, म्हणजे तुझ्या मुलीनं ऐकावं, तिच्या खोलीतल्या दोघींनी ऐकावं आणि शेजारच्या मर्सीनं भिंतीला कान लावून ऐकावं. ऐकलं सगळ्यांनी. मर्सी विचारायलाही आली, "आजी, काय चोरलं तुम्ही?" म्हटलं, डोळे. बाईनं क्रुसाची खूण केली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

आता आशीर्वाद घे. चि. श्रीरंग, सुखी राहा, विनितालाही सांग.

फोन करणार नाही. फोनवर मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तू म्हणतोस, "आई, गिऱ्हाईक आलंय." बारा महिने आगाशीत गिऱ्हाइकं आणि तीही नेमकी माझ्या तिसऱ्या वाक्याला. कागदाचं तसं होत नाही. तो फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस, पुढे काय लिहिलंय ते कळायला हवं ना. चौथी शिकलेली बाई लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नकोस.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. गिरीजच्या मंडळाचा धवल, ज्यांचा मोठा गणपती दरवर्षी आपल्या कारखान्यातून जातो, तो रविवारी अनुष्काबरोबर हा खेळ खेळायला येतो. त्यानं मी केलेला एक राक्षस हातात घेतला, उजेडात फिरवला आणि म्हणाला, "अरे, हे तर आमच्या बाप्पाचे डोळे." फोटो काढून तुला दाखवला. त्यावर तू मला सांगतोस की ते बाबांच्या हातचे डोळे आहेत, कारखान्याचे आहेत, मी ते चोरले आणि राक्षसाला लावले, देवाची विटंबना केली. तीन ऑगस्टला वसईच्या हॉलमध्ये या खेळाची स्पर्धा आहे, त्याआधी सगळे डोळे खरवडून टाकायचे.

पहिली गोष्ट, तो राक्षस नाही. परग्रहावरचा प्राणी आहे. अनुष्कानं मला नीट समजावलंय. टेबलावर खोटे डोंगर मांडतात, एका बाजूला माणसांचे सैनिक, दुसऱ्या बाजूला हे. सगळे अंगठ्याएवढे. फासे टाकायचे, टेपनं मोजून पुढे सरकायचं आणि मारामारी. मी विचारलं, हे परग्रहावरचे इथे येतात कशाला? म्हणाली, "त्यांना राहायला जागा हवी असते आजी." म्हटलं, मग विरारला येऊ नका म्हणावं.

दुसरी गोष्ट, विटंबनेची. नवरात्रात देवीच्या पायाखालचा महिषासुर कोण करतं? तूच ना? त्याला मिशा काढतोस, छाती फुगवतोस, जीभ लालभडक रंगवतोस आणि चार जणांना बोलावून दाखवतोस. तुझा असुर चालतो, माझा चालत नाही. तुझा हातभर आहे, माझा अंगठ्याएवढा, एवढाच काय तो फरक.

डोळे खरवडणार नाही. सध्या त्या प्राण्यांची राणी करायला घेतली आहे. तिला आठ डोळे द्यायचं ठरलं होतं. तुझा आवाज ऐकल्यावर बारा करायचे ठरवले.

प्रेमलता


२९ जून

दुसराही आवाज पोचला. पहिल्यापेक्षा मोठा होता. अनुष्कानं तो कमी करून ऐकवला.

"या वयात ही अवदसा कुठून आठवली" असं विचारलंस, तर सांगते.

तुझ्या बाबांच्या तेराव्याला तू पंगतीत उभा राहून म्हणालास, "बाबांचे डोळे बाबांबरोबर गेले." लोकांनी माना हलवल्या. मी तेव्हा भात वाढत होते. वाढतच राहिले. मग पुढच्या सीझनला तू डोळे काढायला बाहेरून माणूस आणलास. त्याच्या हातचे गणपती असे दिसायचे की जणू मागून कुत्रा लागलाय. आगाशीच्या बाजारात बायका मला अडवून सांगायच्या. मी तुझ्याकडे येऊन म्हटलं, ब्रश दे. सात-आठ कामगार होते तिथे. तू हसून म्हणालास, "आई, तू आपली उंदरांवर बस."

लग्न होऊन आले तेव्हापासून उंदीर केले मी. शाडूची गोळी, दोन कान, शेपटीचा वळसा, पायात लाडू. पन्नास वर्षांत किती उंदीर ते देवाला माहीत, त्याला बसायला लागतात. उंदरांना मी कधी नाव ठेवलं नाही. पण तू ज्या तोंडानं म्हणालास ते तोंड मला आवडलं नाही, म्हणून त्याच दिवशी पिशवी भरली आणि अनुष्काकडे मनवेलपाड्याला आले. तू समजलास, आई रुसली, चार दिवसांत येईल. दोन वर्षं झाली.

इथे आल्यावर एका संध्याकाळी अनुष्का कामावरून आली ती शिव्या देतच. परदेशातून तिनं या खेळाचा एक प्राणी मागवला होता, त्याचा पाय मोडून आला होता. मी म्हटलं, दाखव. पाय कसला, कोळंबीची नांगी होती. नळ गळतो तिथे लावायची पुट्टी घरात होती, तिचा पाय करून लावला. तिनं आधीच्या पाच पायांकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, आणि म्हणाली, "आजी, बाकीचे पाचही काढून टाक."

आता ती मला या कामाची वेगळी पुट्टी आणून देते. एक निळी पट्टी, एक पिवळी. एकत्र मळली की पोपटी होते. दोन तासांत दगड. शाडूसारखी वाट बघत बसत नाही, त्यामुळे हात आधी ठरलेला लागतो. आत तांब्याच्या तारेचा सांगाडा करायचा, पहिल्या दिवशी नुसते पाय, दुसऱ्या दिवशी धड. बोटांना पाणी लावत राहायचं. छत्रीची काडी घासून हत्यार केलंय, बारीक रेघांना बाभळीचा काटा. पाठीच्या कवचाला करंजीसारखी मुरड घालते. अनुष्काची मंडळी विचारतात, ही कड इतकी सारखी कशी येते? म्हटलं, दिवाळीला या, पाट मांडून देते.

आता मुद्द्याचं. उभा असशील तर बस.

डोळे काढायच्या दिवशी आपल्याकडे पडदा लागतो. आत मूर्ती आणि मूर्तिकार, तिसरं कुणी नाही. तुझ्या आजोबांपासूनची रीत. अनुष्का पाचवीत होती त्या वर्षी तुझे बाबा पडद्याआड गेले आणि मला हाक मारली, चहा आण. चहा घेऊन गेले तर ते मूर्तीसमोर खाली बसलेले. ब्रश हातात, आणि हात असा हलतोय जसा खिडकीवर वाळत घातलेला फडका. म्हणाले, "प्रेमा, धर." म्हटलं, मी उंदीरवाली. म्हणाले, "उंदराला डोळे नसतात?"

धरला.

अकरा वर्षं. दरवर्षी चहा घेऊन आत जायचे आणि चहावर साय धरली तरी बाहेर येत नसे. ते मोठ्यानं बोलत राहायचे, "काळा दे, पांढरा दे," बाहेर ऐकू जावं म्हणून. तू पडद्याबाहेरून ओरडायचास, "आई, बाबांना त्रास देऊ नकोस, ये बाहेर!" त्या वेळी मी बाप्पाचं उजवं बुबुळ भरत असायचे. तुझ्या ओरडण्यानं एकदा रेघ हलली होती, चुळणे गावच्या गणपतीची. कुणाला कळली नाही.

पटत नसेल तर एक कर. आपल्या गणपतीची डावी पापणी जरा खाली असते. लोक म्हणायचे, बाप्पा लाडानं बघतो. लाड कसले! मी सात वर्षांची असताना केळीच्या वाडीत कोयत्याची मूठ डोळ्यावर बसली, तेव्हापासून माझी डावी पापणी पडलेली आहे. डोळा कसा काढायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून हातआरसा मांडीवर घेऊन बसायचे आणि दिसेल तसं काढायचे. पन्नास वर्षं तू माझ्या हातचं जेवलास. एकदा ताटातून मान वर केली असतीस तर तुलाच दिसलं असतं.

तेव्हा चोरी कुणाची झाली ते तू ठरव.

प्रेमलता


४ ऑगस्ट

महिना होऊन गेला, ना आवाज ना कागद. बस म्हटलं होतं, तर बसूनच राहिलास वाटतं.

काल स्पर्धा झाली. डोळे होते तिथेच होते. आणखी चार वाढवले ते सांगितलंच आहे.

राणीचं डोकं मी केळफुलाचं केलंय. पाकळ्या एकावर एक मिटलेल्या, आणि जिथे पाकळी उघडते तिथे आत डोळा. पाठ फणसाची. पोटाखाली गोमेचे पाय, ते मोजायला मात्र सांगू नकोस, मीच दोनदा चुकले. मधल्या बोटाएवढी उंच. राणी म्हणून बाकीच्यांपेक्षा मोठी. हॉलमध्ये टेबलावर ठेवली तर चार पोरं आपला खेळ सोडून बघायला आली.

राणीसमोर सैनिक घेऊन उभा होता आपला धवलच. फासे मुठीत नुसते खुळखुळवत राहिला. अनुष्का म्हणाली, "टाक ना." तो म्हणतो, "आजी, हिच्यावर गोळी झाडायला हात होत नाही. ही आरतीला उभं राहिल्यावर बघते तशी बघतेय." म्हटलं, मग हर. हरला.

खेळ वेगळा आणि मूर्तीचं बक्षीस वेगळं. त्याला एक परीक्षक होता, मुंबईहून आलेला, टोपी उलटी घातलेली. त्यानं भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं. मग मला म्हणाला, "काम सुंदर आहे मावशी, पण डोळे फार शांत आहेत. परग्रहावरून हल्ला करायला आलेल्या जनावराचे डोळे असे नसतात."

"तुम्ही बघितलंत?" म्हटलं.

"काय?"

"परग्रहावरचं जनावर."

तो हसला. मी हसले नाही. म्हटलं, जो डोळे वटारतो तो घाबरलेला असतो. हिला भूक लागलीय पण घाई नाही. समोरचा कुठे पळणार, हे तिला माहीत आहे. तुम्ही तरी पळून कुठे गेला असतात?

दुसरा नंबर दिला. पहिला एका ठाण्याच्या मुलाला मिळाला, त्याच्या प्राण्याला नुसते दात होते, तोंड बंद करता येणार नाही इतके. असो.

सांगायचं ते वेगळंच. राणीपुढे अनुष्कानं पुठ्ठ्याची पाटी ठेवली होती. मूर्तिकार प्रेमलता. नवऱ्याचं नाव नाही, कारखान्याचं नाव नाही. रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव असं कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. लोक पाटी वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग परत राणीकडे. कुणी विचारलं, कुठे शिकलात? म्हटलं, आगाशीला.

निघताना धवलनं मला रिक्षापर्यंत सोडलं. रिक्षा सुरू झाली तरी दांडा धरून उभा. "आजी, खरं सांगा. आमच्या बाप्पाचे डोळे तुम्ही काढायचात?"

मी म्हटलं, श्रीरंगला विचार.

बघ, तुझ्यासाठी जागा ठेवली. मला पुढे जाऊन बोलता आलं असतं. अजून बोललेले नाही. तो येईल विचारायला. काय सांगायचं ते तुला सुचेल.

प्रेमलता


१२ ऑगस्ट

आला नाहीस तो नाहीसच, बायको पाठवलीस! स्वतः यायला विरार काय दुबईला आहे?

काल विनिता आली, राजेळी केळ्यांचा फणा घेऊन. चहा केला तो तिनं प्यायला नाही, नुसता धरून बसली. मग रडायला लागली. मी म्हटलं, आधी बोल, रडणं नंतर कर, माझी पुट्टी कडक होतेय. तेव्हा बोलली.

तर तुझा हात हलतो. गेल्या वर्षीपासून. उजवा. एवढं तू बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाहीस, स्वतःच्या मुलीलाही नाही. बाहेरचा तो माणूस पगार वाढवून मागून निघून गेला आणि मूर्ती आंधळ्या उभ्या आहेत. गिरीजचं मंडळ तर म्हणतंय, यंदा आम्हाला जुने डोळे हवेत, नाहीतर दुसरीकडे बघतो. धवलनं तुला विचारलं, आणि तू त्याला सांगितलंस की आजींचं वय झालंय, काहीतरी बोलतात.

वय झालंय! बारा डोळे काढले या वयानं, एकेक मोहरीएवढा.

आणि विनिताच्या तोंडून निरोप काय पाठवलास? "आईला म्हणावं ये. बाबांच्या वेळी करायचीस तसंच करू. पडदा लावतो. तू चहा घेऊन आत ये. कुणाला कळणार नाही."

म्हणजे माझं पत्र तू वाचलंस. त्यावर विश्वासही ठेवलास. बरं वाटलं. आणि विश्वास ठेवून तुला एवढंच सुचलं.

येणार नाही. पडद्यामागे मी आता येणार नाही, तू काय, प्रत्यक्ष गणपती बोलवायला आला तरी. कारण मान नाही आणि राग नाही. राग आहे, पण तो कारण नाही. कारण मी कुणाला सांगितलेलं नाही, ते तुला सांगते, तुला उपयोगाचं आहे म्हणून. वाचून मला समजवायला बसू नकोस.

तुझ्या बाबांचा हात हलायला लागला त्याच वर्षी आम्ही डॉक्टरकडे जायचं ठरवलं होतं. वार पण ठरला होता. पण डोळे निघाले, मूर्ती गेल्या, कुणाला काही कळलं नाही, तेव्हा म्हटलं दिवाळीनंतर जाऊ. दिवाळीनंतर म्हटलं, काम तर अडत नाही. मी होते ना. दुसऱ्या वर्षी मी होते, तिसऱ्या वर्षी मी होते. पाचव्या वर्षी त्यांच्या हातून आमटीचा चमचा तोंडापर्यंत जाईना, तेव्हा गेलो. डॉक्टरनं सगळं बघितलं आणि विचारलं, "इतकी वर्षं काय करत होतात? वेळेवर गोळ्या सुरू केल्या असत्या तर बरीच वर्षं हात कामाचा राहिला असता." तुझे बाबा माझ्याकडे बघून हसले. मला ते हसू अजून आवडत नाही.

तुम्हाला सांगितलं, ब्रश धरला की हात थांबतो, आणि तुम्ही मानलंत. त्यांचा हात मी इतका चांगला लपवला की त्यांनाही तो सापडला नाही. एकदा केलं. दुसऱ्यांदा तुझ्यासाठी करणार नाही.

म्हणून मी येते, पण मी सांगते तसं. विनितानं उद्या तुला डॉक्टरकडे न्यायचं. वसईला, मुंबईला, कुठेही, पण उद्या. तो काय म्हणाला ते तिनं मला येऊन सांगायचं. सांगितल्याशिवाय मी बसमध्ये पाय ठेवणार नाही. पंधरा दिवस आहेत, मूर्तींना पुरतात. मला तर मोठ्यातल्या मोठ्या मूर्तीलाही एकच दुपार लागते.

डोळे मी दिवसाउजेडी काढणार. पडदा नाही. कामगार समोर, गिरीजच्या मंडळाची माणसं समोर, धवल असला तर असू दे, तो तसाही तोंड उघडं टाकून बघतो. आणि तू माझ्या शेजारी रंगाची वाटी धरून उभा राहायचास. वाटी हलेल. हलू दे. कुणी विचारलं तर सांगायचं, हात हलतो, औषध चालू आहे, आणि डोळे आईचे आहेत, आधीही तिचेच होते. तीन वाक्यं. गिऱ्हाईक आलं तरी ती पुरी करायची.

रीत मोडते म्हणून कामगार कुरकुर करतील. करू देत. तुझ्या आजोबांनी पडदा लावला तो डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून, असं माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं. धूळ उडवायची नाही म्हणावं.

राणी माझ्याबरोबर येईल. तिची अंडी करायची राहिली आहेत, ती मी कारखान्यातच करणार, रंग सुकेपर्यंत रिकामी बसायची सवय मला नाही. तिला कुठे ठेवायचं म्हणून वाद घालू नकोस. महिषासुराच्या साच्याशेजारी ठेव.

उंदीर करणार नाही. यंदा विनिता करेल. काल रडणं झाल्यावर तिनं माझ्या उरलेल्या पुट्टीचा एक करून बघितला. कान फार मोठे झाले, पण शेपटी बरी जमली. तिला कधी तू विचारलंस का, की तुला काय करता येतं?

तुझी आई,
प्रेमलता

उत्तर पाठव, उशीर नको. मोबाईलमध्ये आवाज भरलेला चालणार नाही, मी ऐकणार नाही. विनिता लिहिणार नाही, तिला बजावून सांगितलंय. अनुष्कालाही मधे घालू नकोस. कागद घे, पेन घे, आणि उजव्या हातानं लिही. वाकडं येईल, एका ओळीत तीन शब्दही बसणार नाहीत, तरी लिही. "पडदा काढला" एवढंच पुरे. पण ते तू लिहायचंस.